शेरा कोण वाचतं?

मूडल या ऑनलाइन शिक्षण प्रणालीत प्रत्येक असाइनमेंटच्या मागे एक नोंद आपोआप होत असते. कोणी पान कधी उघडलं, फाइल कधी चढवली, शिक्षकाचा अभिप्राय कधी पाहिला, सगळं तारीख-वेळेसकट. एका मुलीची तक्रार तपासायला मी ती नोंद उघडली. तिचं म्हणणं, फाइल वेळेत टाकली तरी गैरहजेरी कशी लागली? फाइल खरोखरच वेळेत चढली होती, फक्त शेवटचं 'सबमिट' दाबायचं राहिल्याने ती ड्राफ्ट म्हणून पडून होती. तिचं काम तिथेच मिटलं. पण त्याच यादीत दुसरी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या पीडीएफवर मी रात्री बसून शेरे लिहिले होते, त्यातल्या बहुतेकांनी गुणांच्या तक्त्यात आपला आकडा पाहिला होता आणि असाइनमेंटच्या पानाकडे फिरकलेच नव्हते. शेरे होते ते त्या पानावर.

वर्गात विचारलं, तर मागच्या बाकावरून सरळ उत्तर आलं, "मॅडम, मार्क कळले ना! मग?"

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, पदवीच्या मुलांना भूगोल शिकवते. पूर्वी जर्नलांचे गठ्ठे घरी आणायचे, लाल शाईने शेरे लिहायचे आणि गठ्ठे परत द्यायचे. ते शेरे वाचले जात होते की नाही, हे कळायला मार्गच नव्हता, त्यामुळे वाचले जातात असं धरून चालणं सोपं होतं. कोरोनात मूडल आलं आणि नंतर राहिलं. मार्टिन डुजियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने बनवलेली ही मुक्त प्रणाली. पहिली आवृत्ती २००२ची. त्याचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेलं आणि सुरुवातीची शाळा रेडिओवरून झाली, हे वाचल्यावर मला त्या सॉफ्टवेअरबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली. आमच्याकडेही शिक्षण रेंजवरच अवलंबून असतं.

आपुलकी वाटली म्हणून त्रास कमी झाला नाही. विद्यापीठाच्या यादीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, मग आईचं. मूडलला फक्त पहिलं नाव आणि आडनाव हवं असतं. यादी जशी आली तशी चढवली गेली आणि माझा अर्धा वर्ग पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव घेऊन बसला. गुणांचा तक्ता ऑफलाइन भरावा म्हणून उतरवला, तर एक्सेलमध्ये उघडताच मराठी शेऱ्यांच्या जागी अगम्य चिन्हं. तीच फाइल लिबरऑफिसमध्ये युनिकोड निवडून उघडली की अक्षरं जागेवर येतात. हे मला संगणक विभागातल्या कोणी सांगितलं नाही, प्रयोगशाळेच्या परिचरांनी सांगितलं. मुलांच्या फाइली म्हणजे बहुधा वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. एखादं पान आडवं, एखाद्यावर फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली.

नावं लपवून तपासायचीही सोय आहे. मी ती वापरून पाहिली. नावाच्या जागी नुसता क्रमांक दिसतो, पक्षपाताला वाव नाही. पण असाइनमेंट होती 'माझ्या गावातील विहिरी', आणि पहिल्याच ओळीत गावाचं, वस्तीचं आणि विहिरीच्या मालकाचं नाव. मालक बहुतेक वेळा चुलता.

तर शेऱ्यांचं काय करायचं? १९८८ साली रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेने शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास शिक्षणशास्त्रात पुष्कळदा सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांसारखीच राहिली. शेजारी आकडा असला की मजकूर वाचला जात नाही, हे मी आता स्वतःच्या नोंदीत पाहत होते.

मूडलमध्ये असाइनमेंटला 'गुण नाहीत' असं ठरवता येतं. अभिप्राय मात्र देता येतो. विहिरींच्या कामाचे मी दोन भाग केले. पहिला खर्डा, त्यावर फक्त शेरे. दुसरं सुधारलेलं काम, त्यालाच अंतर्गत गुण. पहिल्या भागाचे निकाल खुले केले त्या संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच प्रश्न फिरत होता, मार्क कुठायत? एका सहकाऱ्यांनी ऐकवलं, "तुम्ही एकाच कामाची दोनदा तपासणी करताय, पगार एकच आहे." हिशेब बरोबर होता. म्हणून एका सत्रात एकाच कामाला मी हे करते, बाकीच्यांना नाही. नेहमीचे शेरे साठवून एका क्लिकवर टाकायची सोयही या कामापुरती बंद ठेवली. 'आकृतीला नावे द्या' हे साठवलेलं वाक्य इतक्या सहज पडतं, की आकृती न पाहताच ते टाकायचा मोह होतो.

नोंद पुन्हा पाहिली. या वेळी बहुतेकांनी अभिप्राय उघडला होता. आकडा नसल्याने दुसरं पाहण्यासारखं काही नव्हतंच. उघडला म्हणजे वाचला असं नाही, हे मलाही कळतं. पण उलट प्रश्न यायला लागले आणि ते प्रश्न गुणांचे नव्हते.

एका मुलाने विहिरीची खोली गावाकडच्या मापात, 'दहा परस' अशी लिहिली होती. मी शेरा दिला, मीटरमध्ये मोजून द्या, पाण्याची पातळी वेगळी द्या, महिना लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी मोजते; महिना नसेल तर आकड्याला अर्थ नाही. त्याने दोराला दगड बांधून मोजणी केली आणि मेसेज पाठवला: "मॅडम, तळापर्यंत मोजलं. पण विहिरीत खाली उभं बोअर मारलंय आणि दोन आडवी बोअरं आहेत. पाणी त्यातनंच येतं. मग खोली कुठपर्यंत धरायची? आजोबा म्हणतात बोअर धरायचं नाही, ती विहीर नव्हं."

दुष्काळी भागातल्या विहिरीचा सगळा इतिहास या प्रश्नात आहे. आधी खोदाई, मग तळात उभं बोअर, मग बाजूच्या खडकात आडवी बोअरं, आणि पाणी कोणत्या वर्षी कुठून यायला लागलं याचा घरातल्या म्हाताऱ्यांकडचा हिशेब. मी तक्त्यात दोन रकाने वाढवले: खोदलेली खोली आणि बोअरसह खोली. बोअर कोणत्या साली मारलं तेही विचारलं. त्याला साल ठाऊक नव्हतं, बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला विचारून येतो म्हणाला. पोरगा गावी जाणार शनिवारी आणि मुदत शुक्रवारी रात्री संपणार. मूडलमध्ये एकट्या विद्यार्थ्याला मुदतवाढ देता येते. मी त्याला सोमवारपर्यंत दिली. तासाभरात आणखी चौघांचे मेसेज आले, आमच्याही विहिरीत बोअर आहे.