निमगोरी

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी पर्समधून माझा फोटो काढला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आईला विचारलं, "ही धाकटी का?"

मी आईची एकुलती एक. पोह्यांचा ट्रे हातात तसाच धरून उभी. आई म्हणाली, "नाही हो, हीच ती." 1988 सालची, कऱ्हाडची गोष्ट. फोटोबरोबर जो कागद पाठवला होता त्यावर चार ओळी होत्या. उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत, वर्ण निमगोरा. पहिल्या तिन्ही खऱ्या. लग्न जमलं ते तिसऱ्या ओळीवर, हे सासूबाईंनी पुढं कधी लपवलं नाही आणि मला त्याचा रागही नाही.

निमगोरा हा फार सोयीचा शब्द आहे. वधूवर सूचक मंडळांचे फॉर्म मी आधी स्वतःसाठी आणि नंतर नात्यातल्या निम्म्या मुलींसाठी भरले. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार रकाने असायचे. काळा हा रकाना मी पाहिलेल्या एकाही फॉर्मवर नव्हता. त्यामुळे जो तो एक घर वर सरकायचा. काळे सावळ्यात बसायचे, सावळे गव्हाळात, गव्हाळ निमगोऱ्यात. मी मात्र थेट तीन घरं वर गेले होते, कारण मला नेऊन बसवणारा माणूस हातचा कसबी होता.

तो फोटो आणायला मला स्टुडिओत दोनदा हेलपाटा पडला, म्हणून स्टुडिओवाल्या काकांचं टेबल पाहायला मिळालं. उतरतं टेबल, मधोमध दुधी काच, काचेखाली बल्ब, आणि काचेवर माझी निगेटिव्ह. काकांच्या हातात सुईसारखं टोक केलेली शिसपेन्सिल होती. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, हनुवटीवर ते श्वास रोखून बारीक बारीक ठिपके देत होते. निगेटिव्हमध्ये सगळा कारभार उलटा. तिथं जे काळं, ते कागदावर पांढरं. म्हणजे मला गोरी करायला काका मला काळी करत होते. हे तेव्हा कळलं असतं तर मी तिथंच हसले असते. तेव्हा मी फक्त म्हणाले, "काका, थोडंच करा." काका वर न बघता म्हणाले, "बाळ, तुझं भलंच करतोय."

फोटोशी माझं वाकडं त्याच्याही आधीपासूनचं. मामाकडं ॲग्फाचा क्लिक-थ्री होता, बडोद्याला तयार झालेला. त्यात 120 चा रोल बसायचा आणि बारा फोटो निघायचे. लेन्सपाशी दोन चित्रं होती, एक सूर्याचं आणि एक ढगाचं. मामा आभाळाकडं बघायचा, दांडी त्या चित्रावर सरकवायचा आणि आम्हाला उन्हात डोळे बारीक करून उभं करायचा. बाराव्या फोटोपर्यंत महिना-दोन महिने जायचे, मग रोल धुवायला टाकायचा. धुऊन आलेल्या फोटोंत मामेभावंडं ओळखू यायची. मी ओळखू यायची ती रिबिनीवरून. सातवीच्या वर्गाच्या फोटोत तर कहर झाला. चुन्याची भिंत, पांढरे सदरे, पांढरी ब्लाउझं, आणि दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी मी, नुसते दात आणि दोन वेण्या. आजी म्हणाली, "फोटोवाल्याचा दोष नाही. तो तरी काय करणार?" मला ते पटलं. इतकी वर्षं पटलेलंच होतं.

लग्नानंतर घरात साधा रोलचा कॅमेरा आला तो मी स्वतःकडं घेतला. कॅमेऱ्यामागं उभं राहिलं की पुढं उभं राहावं लागत नाही, हा शोध मला फार लवकर लागला. मुलीचे वाढदिवस, कोकणातली सहल, नणंदेचं लग्न, छत्तीस-छत्तीसचे कितीतरी रोल मी काढले. त्या सगळ्या अल्बमांत मी कुठं नाही. लोक म्हणायचे, हौशी आहे हो.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगी बंगळूरला गेली तेव्हा तिचा डीएसएलआर कपाटात राहून गेला होता. तो विकायला काढला तर ती म्हणाली, "आई, विकण्याआधी शिकून तरी बघ." म्हणून पुण्यातल्या एका नवशिक्यांच्या वर्गाला नाव घातलं. आठ रविवार, सकाळी नऊ ते बारा, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. आम्ही बारा जण. माझ्यानंतरचा वयानं मोठा विद्यार्थी चौतीसचा. मुलं मला काकू म्हणायची, सर मॅडम म्हणायचे.

पहिल्या रविवारी ॲपर्चर. लेन्सच्या आतलं, लहानमोठं होणारं भोक. आकडा मोठा तर भोक लहान, हे ऐकून सगळ्या वर्गानं कपाळाला आठ्या घातल्या. 2.8, 4, 5.6, 8, 11, 16, ही माळ पाठ करा म्हणाले. मुलं पाठ करू लागली. अडतीस वर्षं व्याज मोजलेल्या बाईला न कळलेला आकडा पाठ करवत नाही. मी मोबाइलवर हिशेब केला. दर आकडा आधीच्याच्या साधारण 1.4 पट, म्हणजे दोनाचं वर्गमूळ. भोकाचा व्यास तेवढ्यानं कमी झाला की क्षेत्रफळ निम्मं, आणि उजेडही निम्मा. 50 मिलिमीटरची लेन्स एफ 2 वर ठेवली तर भोक 25 मिलिमीटरचं. हा साधा भागाकार आहे आणि खालचा आकडा वाढला की उत्तर कमी होतं, एवढंच त्यात आहे. हे शाळेत गणिताच्या बाईंनी कॅमेरा दाखवून शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या रविवारी सरांनी नळ आणि बादली काढली. नळ किती उघडा ते ॲपर्चर, किती वेळ सोडला ते शटर, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवणं म्हणजे बादली लहान घेणं, लवकर भरते. मला हे काही मानवलं नाही. पाणी कमी आलं म्हणून लहान बादली भरायची आणि भरली म्हणायचं, हा नगरपालिकेचा हिशेब झाला. पाणी आहे तेवढंच आहे. सर हसले आणि म्हणाले, "म्हणूनच आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसतात." उपमा पटली नाही, पण मुद्दा पटला.

तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता एक पांढरी वस्तू आणि एक काळी वस्तू, प्रत्येकीनं सगळी चौकट भरायची आणि कॅमेरा म्हणेल त्या एक्स्पोजरवर फोटो काढायचा. मी परातीत तांदळाचं पीठ पसरलं आणि खिडकीपाशी ठेवलं. मग तिथंच भाकरीचा लोखंडी तवा ठेवला, तीस वर्षांच्या भाकऱ्यांनी काळा केलेला. दोन फोटो काढले. पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि मला वाटलं कॅमेरा बिघडला. पीठ करडं आणि तवाही करडा. पिठाला राख फासल्यासारखी, तव्याला भस्म. हिस्टोग्रॅम काढून पाहिला, म्हणजे फोटोत गडद किती आणि फिकट किती ते सांगणारा आलेख. दोन्हींचा डोंगर मधोमध, अगदी जुळी भावंडं.

कॅमेरा बिघडला नव्हता. सरांनी सांगितलं की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला आपण कशावर रोखलंय ते कळत नाही. पीठ काय, तवा काय आणि नवरी काय. तो एवढंच धरून चालतो की समोरचं जे काही आहे ते सरासरी करड्या रंगाचं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के उजेड परत पाठवणारं. जास्त उजेड आला तर तो समजतो दिवस प्रखर आहे, आणि फोटो काळवंडवतो. कमी आला तर समजतो अंधार आहे, आणि उजळवतो. पांढरं पांढरं हवं असेल तर आपण अधिक करायचं, काळं काळं हवं असेल तर उणे. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं एक वेगळं बटणच असतं. इतके दिवस ते मला टीव्हीच्या रिमोटवरच्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन तव्याला उणे दीड दिलं. तवा तवा झाला. काठाला चिकटलेलं जळकं पीठसुद्धा दिसलं.

मग मी कपाटातून सातवीचा फोटो काढला. चुन्याची भिंत, पांढरे कपडे. त्या फोटोवाल्याच्या हातातला मीटर असो की त्याच्या डोळ्याचा अंदाज, त्यानं भिंत आणि कपडे सांभाळले असणार. त्या हिशेबात दुसऱ्या ओळीतली चौथी गेली. मामाच्या कॅमेऱ्यावरही ऊन आणि ढग एवढंच विचारलेलं होतं. उजेडात कोण उभं आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी सरांनी शर्ली कार्डाची गोष्ट सांगितली. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांना रंग जुळवून घ्यायला कोडॅक एक नमुन्याचा फोटो पाठवायची, त्यात एक गोरी बाई. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले. गडद कातडीचं काय होतं, हा प्रश्न कित्येक वर्षं कोणाला टोचला नाही. टोचला तो चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांना. त्यांच्या जाहिरातींत डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसायचं, एका लाकडाची छटा दुसऱ्यातून ओळखू यायची नाही. त्यांनी तक्रारी केल्यावर तपकिरी छटांकडं लक्ष गेलं, असं कोडॅकमध्ये काम केलेल्यांनीच नंतर सांगितलं. वर्ग हसला. मी पण हसले, पण घरी जाईपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात सागवानी कपाट होतं.

सहाव्या रविवारी प्रत्येकाला एक करडं कार्ड मिळालं. पोस्टकार्डाएवढं, मळकट, रस्त्यात पडलेलं दिसलं तर कोणी उचलणार नाही असं. ते चेहऱ्यापाशी धरायचं, मीटर त्याच्यावर रोखायचा आणि आलेला आकडा कॅमेऱ्यात पक्का करायचा. मग कार्ड काढून टाकायचं. कार्डानं मोजला जातो तो पडलेला उजेड, माणूस मोजला जात नाही. मीटरला हवं असलेलं निमगोरं त्याला आधीच दाखवून झालेलं असतं, आता तो समोरच्या माणसाच्या मागं लागत नाही.

गृहपाठ होता खिडकीतला उजेड आणि दोन माणसं. घरात दोनच आहोत. ह्यांना खुर्चीत बसवलं. हे गोरे, सासूबाईंवर गेलेले. आधी मीटर त्यांच्या गालावर रोखून फोटो काढला, मग मी बसले आणि त्यांनी माझ्या गालावर रोखून काढला. पिठाचं आणि तव्याचं झालं तेच झालं. हे आजारातून उठल्यासारखे आणि मी स्टुडिओतल्या काकांच्या हातची. दोघं एका रंगाचे, सख्खे भाऊबहीण. मग कार्ड धरलं. आयएसओ 400, एफ 5.6, एकसाठांश सेकंद. त्याच आकड्यांवर आधी हे बसले, मग मी. ह्यांनी बटण दाबताना विचारलं, "हसतेस का?" मी नाही हसले. आधीच्या सगळ्या फोटोंत दातच दिसले होते.

फोटोत हे गोरे आले आणि मी काळी आले. खिडकीकडच्या गालावर उजेडाची एक पट्टी, तिच्याखाली कातडी तुळतुळीत, कपाळावर तीन आठ्या, डाव्या भुवईत लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खोक. ती खोक फोटोत पहिल्यांदा दिसली. साठ वर्षांच्या फोटोंत ती कोणी पेन्सिलीनं भरली होती, किंवा काळोखात गेली होती.

शेवटच्या रविवारी वर्गाच्या भिंतीवर प्रत्येकाची एकेक प्रिंट लावायची होती. मी माझा फोटो जवळच्या लॅबमध्ये टाकला. संध्याकाळी पाकीट उघडलं तर आत निमगोरी. झोपाळ्याची खोक गायब. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मशीन आपोआप करतं. आणि सगळे उजळच मागतात." त्याच्या आवाजात अगदी काकांसारखं भलं होतं. मी सांगितलं, मला काळी पाहिजे. त्यानं दोनदा विचारलं आणि मग दुसरी काढून दिली, पैसेही दुसऱ्यांदा घेतले.

ती दुसरी भिंतीवर लागली. आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, सासूबाईंच्या फोटोच्या बाजूला. तुम्हाला कधी घरातल्या माणसाची प्रिंट काढायची असेल तर "कलर करेक्शन नको" असं सांगा, आणि नुसतं सांगू नका, पाकिटावर पेनानं लिहा.