तापल्या गच्चीवरचं पाणी

चैत्र सरत आला की खान्देशातल्या गच्च्यांना एक वास येऊ लागतो. दिवसभर उन्हात भाजून निघालेल्या कोब्यावर दिवेलागणीच्या आधी कुणीतरी पाण्याची पहिली बादली ओततं, कोबा ते पाणी बघता बघता पिऊन टाकतो, पायांच्या घोट्यांना गरम वाफ लागते, आणि तिच्याबरोबर चुन्याचा, धुळीचा, मागच्या पावसाळ्यात वाळून गेलेल्या शेवाळाचा असा एक मिसळलेला दर्प वर येतो. पहिल्या पावसात मातीला सुटणारा गोडवा त्याला नाही. तो थोडा उग्र असतो, नाकाला झोंबतो. पण तो आला की माझ्या आत कुठंतरी एक जिना उघडतो आणि मी जळगावच्या आमच्या बोर्डिंगच्या गच्चीवर जाऊन उभा राहतो, हातात गळकी बादली, खांद्यावर पंचा, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, ‘भो, आमच्या कोपऱ्यावर पण टाक रे!’

आमचं गाव पारोळ्याकडचं. तिथून जळगाव पूर्वेला आणि धुळे पश्चिमेला, एकाच हमरस्त्यावर. मी जळगावला शिकायला गेलो आणि ताई धुळ्याला. म्हणून रविवारी संध्याकाळी माय फडक्यात बांधलेले दोन डबे घेऊन फाट्यावर उभी राहायची, एक डबा या दिशेच्या एस.टी.त, दुसरा त्या दिशेच्या. कंडक्टर डबा आपल्या सीटखाली ठेवायचे, स्टँडवर उतरवून द्यायचे. त्याचे त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत. कळण्याची भाकरी, ठेचा, हिवाळ्यात काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. डबा उघडला की आधी डिझेलचा वास यायचा आणि मग घराचा.

बोर्डिंग म्हणजे एक साधी दुमजली इमारत. खोलीत चार लोखंडी खाटा, खाटांखाली चार ट्रंका, खिळ्यांवर सदरे, कोनाड्यात कंगवा, तेलाची बाटली आणि देवाचं एखादं चित्र. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांभोवती ग्रीक अक्षरांची नावं लावलेली विद्यार्थी-संघांची घरं असतात. त्यांच्या भव्य जिन्यांबद्दल, त्यांच्या गुप्त विधींच्या खोल्यांबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, आमच्याकडे असलं एकच होतं. गच्ची. खोली ऑफिसातून मिळायची, खाट नंबराप्रमाणे मिळायची, ताटसुद्धा नंबराचं. गच्ची मात्र कुणी वाटून दिलेली नव्हती. ती आम्ही आमच्या पाण्यानं भिजवून आमची केली होती.

आमच्यातले बहुतेक जण धाब्याच्या घरांतून आलेले. खान्देशात सपाट मातीच्या धाब्यावर उन्हाळ्यात अख्खं घर झोपायला जातं. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे एका ओळीत, उशाशी पाण्याचा तांब्या. त्यामुळे पारा 45 अंशांवर गेला आणि खोलीतला पंखा नुसता गरम वारा ढवळू लागला की वर जायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. आपापल्या गावचं धाबंच आम्ही तिथं नव्यानं मांडत होतो. सतरंज्या अंथरल्या जायच्या. कंदिलांचा जमाना संपला होता, पण लाइट जायचे, तेव्हा एखादा मेणबत्ती कठड्याच्या आडोशाला लावून अर्थशास्त्राच्या नोट्स घोकत बसायचा. परीक्षा एप्रिलातच. तेव्हा जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पेपर पुण्याचे, निकाल पुण्याचा. जळगावला आपलं विद्यापीठ झालं ते 15 ऑगस्ट 1990 रोजी, आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आम्ही त्या आधीचे. निकालाच्या दिवसांत आम्ही गच्चीवरून दक्षिणेकडे उगाच बघत राहायचो. जणू पुणं तिथून दिसणार होतं.

पुणं दिसायचं नाही, पण रेल्वे ऐकू यायची. जळगाव जंक्शन, मुंबईकडून भुसावळला जाणारी मोठी लाइन आणि सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून येणारी लाइन इथं भेटतात. रात्री उशिरा मालगाड्यांची डब्याला डबा लागत जाणारी धडधड उठायची, लांबत लांबत जायची, आणि वाऱ्याची दिशा फिरली तर कुठल्या तरी दालमिलचा कोरडा, टरफलांचा वास गच्चीवरून सरकून जायचा. तोवर भिजवलेला कोबा निवलेला असे. पाठ टेकली की सतरंजीतूनही खालचा दमट गारवा लागायचा आणि गारव्याच्याही खाली, खोलवर, दिवसाची ऊब अजून उरलेली असायची. त्या दोन थरांच्या मधे झोप यायची. तशी झोप पुन्हा आली नाही.

गच्चीचा ईशान्येचा कोपरा, पाण्याच्या टाकीजवळचा, सीनियर मुलांचा. तिथं वारा लागायचा. त्या बाजूच्या कठड्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेली अक्षरं होती, एकावर एक चुन्याचे हात बसूनही न बुजलेली. आडनावं क्वचित, बहुतेक गावंच. चोपडा. यावल. एरंडोल. शेजारी साल. एका ठिकाणी नुसता एक मोर, पिसारा अर्धाच झालेला, त्याचा मालक पास होऊन गेला असणार. आणि माठाची जागा: वर्षानुवर्षं एकाच जाग्यावर माठ ठेवून ठेवून कठड्यालगतच्या कोब्यात एक गोल खळगा पडला होता, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचा, आणि त्यात कायम चूळभर पाणी. पहाटे चिमण्या तिथं यायच्या. नव्यानं आलेल्या मुलाला आधी तो खळगा दाखवत, मग मेस.

आमचं बोर्डिंग एका समाजाचं होतं, शेजारचं दुसऱ्या समाजाचं. महाराष्ट्रातल्या बोर्डिंगांचा हा जुना इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मागोमाग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, आणि खेड्यातला जो मुलगा केवळ राहायला जागा नाही म्हणून नांगरामागं गेला असता तो शहरात टिकला. हे उपकार लहान नाहीत. पण त्या व्यवस्थेत भिंतीही होत्या, हेही खरं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. आमच्याकडे ते काम एका फळीनं केलं. दोन इमारतींच्या मधे बोळ जेमतेम हात-दीड हाताचा. कुणीतरी बांधकामावरची फळी आणून या कठड्यावरून त्या कठड्यावर टाकली, आणि रात्री नोट्स, लोणची, अंगठे तुटलेल्या चपला, उधारीचे दोन रुपये आणि शेवटी माणसंच इकडून तिकडे जाऊ लागली. रेक्टरसरांनी फळी काढून ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी ती परत होती. ती कुणी टाकली हे सरांनी विचारलं नाही, आणि मला वाटतं, मोठ्या माणसाचं मोठेपण अशा न विचारलेल्या प्रश्नांत असतं.

एकत्र राहण्याचा विषय निघाला आणि अमळनेरची आठवण आली नाही, असं खान्देशात होत नाही. साने गुरुजी 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. मुलं शाळेत गेली की त्यांच्या विस्कटलेल्या खोल्या नीट करणारे, त्यांचे कपडे धुणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे गुरुजी; आणि रोज स्वतःच्या हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढणारे गुरुजी. हातानं लिहिलेलं दैनिक! एका वसतिगृहापुरतं, मूठभर वाचकांसाठी. मला त्या छात्रालयाचं सगळ्यांत मोठं वैभव तेच वाटतं. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. तिथंही एका छपराखाली राहणारी, घरापासून तुटलेली माणसं होती. अशा माणसांना काय ऐकावंसं वाटतं, ते गुरुजींना अमळनेरातच कळलं असावं.

आणि एप्रिल-मेच्या सीमेवर कधीतरी रात्री वळवाचा पाऊस यायचा. आधी वारा, मग धूळ, मग गालावर एक जाड थेंब. ‘भो, पानी उना!’ अशी हाक गच्चीच्या एका टोकाकडून उठायची आणि झोपेतल्या सगळ्यांची एकच पळापळ, वळकट्या काखेत, जिन्यात गर्दी, कुणाची उशी राहिली, कुणाचा चष्मा. हाक अहिराणीत देणारा मुलगा धुळ्याकडचा. तावडी बोलणारे, गुजर, पावरा, कुणी मारवाडी, सगळ्यांना ती हाक तेवढीच लागायची. खोल्यांत गेल्यावर कुणाला झोप यायची नाही. मग दारं उघडी टाकून पाऊस ऐकायचा.

आता ताईबद्दल. हे मी उशिरा लिहितो आहे, कारण मला ते उशिरा कळलं. धुळ्यातल्या तिच्या वसतिगृहालाही गच्ची होती, आमच्यापेक्षा मोठी. दिवसा तिथं जायला मुभा, केस वाळवायला, पापड घालायला. सूर्य मावळला की कुलूप, आणि किल्ली रेक्टरबाईंच्या कमरेला. धुळ्याचा उन्हाळा जळगावपेक्षा काही सौम्य नसतो. मुली खोल्यांत ओल्या चादरी पांघरून झोपायच्या. मुख्य दार संध्याकाळी लवकर बंद होई आणि आमच्या गावाकडची एस.टी. त्यानंतर पोचे, तेव्हा डबा मागच्या बोळातून यायचा. वरच्या व्हरांड्यातून मुली दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायच्या, स्टँडवरून डबा आणणारा पोऱ्या तो तिच्यात ठेवायचा, आणि डबा भिंतीला न आपटता वर घेणं हे ताईच्या हातचं कसब. ठेच्याचं तेल एकदाही सांडलं नाही, असं ती अजून अभिमानानं सांगते.

त्यांच्या अंगणात एक कडुनिंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. खान्देशातल्या बाईचा हा हक्काचा सण. आणि नेमकी तेव्हाच परीक्षा. ज्यांना घरी जाता येत नसे त्या मुली कडुनिंबाच्या आडव्या फांदीला झोका बांधत. ताई मला एकदा ते झाड दाखवायला घेऊन गेली होती. फांदीवर दोराचे दोन खोल वळ होते, साल गेलेली, आतलं लाकूड घासून तुकतुकीत झालेलं. कित्येक पिढ्यांच्या मुली त्या दोन वळांवर झुलल्या होत्या. ताई खाली उभी राहून वर बघत म्हणाली, ‘झोका उंच गेला ना, की क्षणभर गच्चीचा कठडा दिसायचा.’

मी काही बोललो नाही. काय बोलणार? आमच्या गच्चीच्या गोष्टी मी तिला वर्षानुवर्षं रंगवून सांगितल्या होत्या.

नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीनं 1963 मध्ये खान्देशातल्या सांगवीच्या मुलाला पुण्याच्या होस्टेलात नेलं आणि खोल्या, मेस, हिशेब, मित्र सगळं मराठी साहित्यात आणून ठेवलं. पण जी मुलं सांगवीसारख्या गावांतून जळगाव-धुळ्यापर्यंतच पोचली, त्यांच्या बोर्डिंगांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, ही दोन्ही कॉलेजं 1945 ची. म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ खेड्यांतली पोरं या शहरांत वळकट्या घेऊन उतरत आली आहेत. त्यांच्या राहण्याची नोंद कागदांवर कमी आणि कठड्यांवर जास्त आहे.

आता त्या इमारती जुन्या झाल्या. काहींच्या दर्शनी बाजूला दुकानं आली, काही पाडून तिथं नव्या उभ्या राहतील, आणि राहायलाच हव्यात. ओल धरलेल्या भिंतींत मुलांनी का राहावं? म्हणून ज्यांच्या हातात या संस्थांचा कारभार आहे त्यांच्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. पाडण्याआधी कठड्यांवरच्या नावांचे फोटो काढून घ्या, एखाद्या माजी विद्यार्थ्याला बोलावून ती वाचून घ्या. आणि नवी इमारत बांधाल तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीला चांगला उंच कठडा बांधा, वर पाण्याचा नळ द्या, आणि उन्हाळ्याच्या रात्री तिची किल्ली मुलींकडेच राहू द्या.