पन्नासाचा ताळा

लाईट गेली की मराठी माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, खिडकीत जातो. समोरच्या बिल्डिंगमध्ये उजेड आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आपल्या अंधाराचं दुःख किती करायचं ते ठरत नाही. "सगळ्यांचीच गेलीय!" असं एकदा खिडकीतून जाहीर झालं की घरात शांतता पसरते. आपल्या एकट्याचीच गेली असेल, तर मात्र बिल वेळेवर भरलं होतं का, या विषयावर आमच्या घरी जो प्रकाश पडतो तो ट्यूबलाईटनेसुद्धा पडत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मी असाच खिडकीत गेलो. करोनामुळे बँकेत दिवसाआड हजेरी होती आणि तो सोमवार माझा घरी बसण्याचा होता. समोरची बिल्डिंगही बंद. मी समाधानाने वळणार, तोच कळलं की अख्खं मुलुंड गेलंय, ठाण्यात गेलीय, दादरला गेलीय आणि लोकल जागच्या जागी उभ्या आहेत. 'सगळ्यांचीच' या शब्दाची एवढी व्याप्ती मला अपेक्षित नव्हती.

तेवढ्यात वरून हाक आली. पाचव्या मजल्यावरचे काका आठवड्यापूर्वीच हॉस्पिटलातून घरी आले होते, आणि त्यांचा ऑक्सिजन विजेच्या यंत्रातून येत होता. गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून सोसायटीने एक सिलिंडर घेऊन तळमजल्यावर ठेवला होता. लिफ्ट बंद. आणि पार्किंगवरून माझं आणि सेक्रेटरींचं बोलणं दीड वर्ष बंद. आम्ही दोघांनी तो सिलिंडर पाच मजले चढवला. वाटेत "जरा डावीकडे", "अहो बोट, माझं बोट!" एवढं का होईना, बोललो. वर पोचलो तेव्हा काकांचे ओठ निळसर दिसत होते आणि काकू त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. नळी लावल्यावर पाच मिनिटांनी काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सगळ्यांचीच गेलीय ना?"

पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर हल्ल्याची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. मला यात नवल वाटलं नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही की आमच्या बँकेतही हेच दोन पक्ष असतात. एक म्हणतो सिस्टिम बिघडली, दुसरा माझ्याकडे बघतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली आणि आमच्या सोसायटीलाही सूर्य दिसला. गच्चीवर सोलर बसवायचं, लिफ्ट आणि पंप त्यावर चालवायचे. एका सभासदाने वर्षभराने स्पेनचा मुद्दा काढला. २८ एप्रिल २०२५ ला तो अख्खा देश अंधारात गेला तो म्हणे सोलरमुळे. (चौकशीत दोष व्होल्टेज सांभाळण्यातला निघाला, पण तोवर आमची सभा संपून वडे आले होते.) काकांनी मात्र ठणकावून सांगितलं, "बसवा! पुन्हा कुणाला सिलिंडर चढवायला लागू नये." ठराव एकमताने पास झाला. आमच्या सोसायटीत हे यापूर्वी फक्त श्रद्धांजलीच्या ठरावाचं झालं होतं.

मग आला मे महिना. भर बारा वाजता लाईट गेली. डोक्यावर सूर्य असा तळपतोय की गच्चीवर पापड वाळावेत, आणि लिफ्ट बंद! सोलर बसवणाऱ्या पोराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "काका, बाहेरची लाईट गेली की सोलर स्वतःहून बंद होतं. तसंच असतं ते."

"म्हणजे आम्ही पैसे कशाला भरले?"

"अहो, वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याला वाटतं लाईन बंद आहे. तुमच्या गच्चीवरून वीज उलटी गेली तर तो जागच्या जागी जाईल ना! वेगळी बॅटरी घेतली असती तर घरापुरतं चाललं असतं."

बॅटरीचा खर्च वाचवण्याची सूचना माझीच होती. तो वायरमन मी कधी पाहिला नव्हता, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला पापडाइतक्या कडक उन्हात खांबावर माणूस दिसला.

तेव्हापासून मी या विषयात शिरलो, आणि कारकुनी मन तिथे रमलंच. विजेचा सगळा कारभार म्हणजे एक ताळाच आहे. आमचा दिवसातून एकदा जुळायचा असतो, यांचा क्षणाक्षणाला. जेवढी वीज तयार, तेवढीच त्याच क्षणी खर्च. जुळलं की फ्रिक्वेन्सी पन्नासवर. खर्च वाढला की आकडा खाली, खर्च घटला की वर. ४९.९० ते ५०.०५ एवढ्यातच त्याला ठेवायचं. ऐरोलीला राज्याचं केंद्र आहे, तिथली माणसं रात्रंदिवस याच आकड्याकडे डोळे लावून असतात. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता आपण सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा देशाची मागणी एकदम एकतीस हजार मेगावॉटने उतरली. मी बाल्कनीत पणती घेऊन उभा होतो. जलविद्युत केंद्रांनी झटपट वीज घटवून आणि पुन्हा वाढवून तो ताळा जुळवला, हे मला फार उशिरा कळलं. नाहीतर पणती त्यांना ओवाळली असती.

आता सूर्य हा खातेदार कसा, तर भर दुपारी पोत्याने पैसे भरणारा आणि संध्याकाळी नेमकी गर्दी झाल्यावर फोन न उचलणारा. म्हणून घाटघरला दुपारच्या जास्तीच्या विजेने पाणी वरच्या धरणात चढवून ठेवता येतं आणि संध्याकाळी खाली सोडता येतं. याला आम्ही मुदत ठेव म्हणतो. तिथे ती अडीचशे मेगावॉटची आहे. ठेवी अजून बऱ्याच लागतील.

काका आता ठणठणीत आहेत, सकाळी फिरायलासुद्धा जातात. तरी लाईट गेली की मी पाचव्या मजल्यावर जाऊन येतो. बेल दाबतो, मग आठवतं, मग दार ठोठावतो. परवा गेलो तर सेक्रेटरी आधीच तिथे उभे राहून बेल दाबत होते. पार्किंगचं अजून मिटलेलं नाही, त्यामुळे मी काही बोललो नाही. नुसतं दार ठोठावलं.