आठ दिवसांची रजा आणि अठरा मीटर समुद्र

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत पाण्याची ओळख विहिरीपुरती, आणि फार तर पवनारच्या धाम नदीपुरती. १९३०च्या दशकात विनोबाजींचा आश्रम आमच्या गावी होता आणि १९३८ मध्ये ते धाम नदीच्या काठी पवनारला गेले, एवढा इतिहास आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावातील कापडाच्या व्यापाऱ्याने, म्हणजे माझ्या पुतण्याने, आणि त्याच्या पत्नीने समुद्राखाली उतरण्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळवायचे ठरवले, तेव्हा घरात धैर्याची चर्चा फारशी झाली नाही. चर्चा झाली ती दिवसांची. दुकान धाकट्या भावावर किती दिवस सोपवता येईल? उत्तर निघाले, आठ. त्या आठ दिवसांचा हिशेब कसा मांडला आणि तो कसा जमला, हे सांगितल्यास आपल्या समाजातील ज्या तरुणांना ही हौस आहे त्यांना काही उपयोग होईल, असे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेले पुष्कळ लोक ‘आम्ही स्कूबा केले’ असे सांगतात. ते खरेच असते. पण त्यात प्रशिक्षक पर्यटकाला धरून काही मिनिटे पाण्याखाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. त्याला पोहणेही यावे लागत नाही. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम ही निराळी गोष्ट आहे. त्यात माणसाने स्वतःची उपकरणे स्वतः जोडायची, हवा स्वतः मोजायची आणि संकट आल्यास स्वतःला व सोबत्याला सांभाळून वर यायचे असते. पहिल्या पायरीचे हे प्रमाणपत्र मिळाले की जगात कोठेही सोबत्यासह अठरा मीटर खोलीपर्यंत उतरता येते. ‘पाडी’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि तिच्यासारख्या आणखी काही संस्था हे प्रमाणपत्र देतात. वयाची खालची अट दहा वर्षांची आहे. वरची मर्यादा नाही.

या अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात. पहिला पुस्तकी, दुसरा तलावातील सरावाचा आणि तिसरा प्रत्यक्ष समुद्रातील. समुद्रात चार बुड्या घ्याव्या लागतात आणि त्या किमान दोन दिवसांत विभागलेल्या असाव्या लागतात. एका दिवसात चारही उरकता येत नाहीत. म्हणून ज्याच्याजवळ रजा थोडी आहे त्याने वेळ कोठे वाचतो आणि कोठे वाचत नाही, हे आधी ओळखावे. पुस्तकी भाग घरी होतो, तोही मोबाईलवर. तलावातील सराव जवळच्या एखाद्या शहरात मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे करून त्याचा लेखी दाखला सोबत नेता येतो. तो बारा महिने ग्राह्य धरतात. समुद्राचे दोन दिवस मात्र समुद्रालाच द्यावे लागतात.

मुहूर्ताचाही विचार करावा लागला. कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो. जून ते ऑगस्ट किनाऱ्यावरील जलक्रीडा थांबतात, आणि आपल्या चातुर्मासाचा बराच काळही त्यातच येत असल्याने त्या दिवसांत प्रवासाचा प्रश्न आपल्या घरांत तसाही निघत नाही. पुढे दसरा-दिवाळीची खरेदी, त्यामागून तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई. विदर्भात कापसाचा पैसा हाती येतो तोही याच सुमारास. कापडवाल्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते ती पौषात, कारण पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. आणि त्याच थंडीच्या दिवसांत कोकणचा समुद्र शांत असतो. नाताळ व नववर्षाची गर्दी ओसरू द्यावी म्हणून आम्ही जानेवारीचा पहिला आठवडा सोडला. धान्याचा, कापसाचा किंवा बी-बियाण्याचा व्यापार असणाऱ्यांनी आपापले मंदीचे दिवस पाहून ऑक्टोबर ते मे या काळातील आठवडा निवडावा.

तयारी मात्र दिवाळीपासूनच सुरू झाली होती. दुकान बंद झाल्यावर रोज तासभर दोघे धडे वाचत. पुतसुनेला पोहता येत नव्हते. प्रमाणपत्रासाठी न थांबता दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे आवश्यक असते. वेगाची अट नाही, परंतु दम टिकला पाहिजे. तिने अडीच महिने पहाटे थंडीत वर्ध्याच्या तलावावर जाऊन ते साध्य केले. घरातील वडीलधाऱ्यांनी प्रारंभी नापसंती दर्शवली आणि पुढे तेच तिच्यासाठी पहाटे आल्याविना चहा करू लागले, हेही नमूद करण्यासारखे आहे.

दुसरी तयारी आरोग्यपत्रकाची. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फीट येणे अशा प्रश्नांची ती यादी असते. एकाही उत्तरात ‘होय’ आले तर डॉक्टरांची लेखी संमती मिळाल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. हे पत्रक निघण्यापूर्वी महिनाभर आधी मागवून घ्यावे. तेथे पोहोचल्यावर ‘होय’ निघाले, तर डॉक्टर शोधण्यात अर्धी रजा जाते. गर्भवती स्त्रियांनी बुडी घेऊ नये. माझ्या पत्रकात रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे ‘होय’ होतेच. शिवाय मी गेलो होतो तो त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला सांभाळायला, कारण आई-वडील दोघेही पाण्याखाली असताना काठावर घरचे कोणी हवे होते.

प्रवासाचे गणित असे. महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्याहून कोल्हापूरला पोहोचवते, पण त्यात एक दिवस-रात्र जाते. तेथून घाट उतरून मोटारीने मालवण. जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन दिवस वजा केले की आठांतून चार उरतात. नागपूरहून विमानाने गोव्यास जाऊन तेथून मालवण गाठता येते आणि जाताना एक दिवस वाचतो. परंतु येताना विमानाची एक अट आड येते, ती पुढे सांगतो.

तारकर्ली हे मालवणच्या दक्षिणेचे गाव. एका बाजूस कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मधे माडांची रांग. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडेची प्रशिक्षण संस्था उभारली आहे. लोक तिला ‘इसदा’ म्हणतात. सरावासाठी तेथे खास खोल तलाव आहे. याशिवाय मालवण परिसरात अनेक खासगी केंद्रे आहेत. कोठेही नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रशिक्षकाचा परवाना चालू आहे का, एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील, आणि शुल्कात पुस्तक, उपकरणे, होडी व प्रमाणपत्र हे सर्व धरले आहे का. बँकेत कर्जाचा कागद वाचताना आम्ही लहान अक्षरे आधी वाचत असू. येथेही तीच सवय कामी येते.

भोजनाची चिंता घरच्यांना सर्वाधिक होती. किनाऱ्यावरचे गाव, म्हणजे घरोघरी मासळी. आम्ही निवास-न्याहारीच्या घरी आधीच कळवले होते की कांदा, लसूण व कंदमुळे नकोत आणि सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी हवे. गृहिणीने आमच्यासाठी भांडी निराळी ठेवली. सकाळी घावणे व ओल्या नारळाची चटणी, दुपारी भात आणि लसूण न घातलेली सोलकढी. बुड्या सकाळीच होतात आणि होड्या दुपारपर्यंत परततात, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यालाही अडचण येत नाही.

पहिला दिवस तलावात गेला. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, तोंडातून निसटलेली श्वासनळी शोधून परत लावणे, सोबत्याची हवा संपल्यास त्याला आपली देणे, हे सारे धडे पुन्हा पुन्हा गिरवून घेतले. संध्याकाळी पुतण्याने मला त्यामागील तत्त्व समजावले. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून एकेका श्वासाला हवाही दुप्पट लागते. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. म्हणून श्वास कधीही रोखून धरायचा नाही आणि वर यायचे ते सावकाश, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. टाकीत साधारण दोनशे बार हवा भरतात आणि पन्नास शिल्लक असतानाच पृष्ठभागावर परतायचे असते. मी म्हटले, ही तर किमान शिल्लक झाली; आणि प्रत्येक बुडीची खोली व वेळ नोंदवण्याची ती वही म्हणजे पासबुक. तो हसला. आमच्या घरी बँक अशी सर्वत्र येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्या उठला तो नाक चोंदलेला. तरीही होडीत चढला. पाण्यात उतरताना दाबामुळे कान दुखू लागतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलावी लागते. सर्दीत घशाकडून कानाकडे जाणारी नळी सुजते आणि हवा जात नाही. तीन मीटरवर त्याचा कान अडला. प्रशिक्षकाने खूण करून त्याला वर आणले. पुतसून मात्र पुढे गेली आणि दोन बुड्या पुऱ्या करून आली.

दुपारी तो अस्वस्थ होता. मला म्हणाला, “काका, उद्या एक गोळी घेतो आणि उतरतो. पुन्हा एवढे दिवस कुठून काढू? दुकान बंद ठेवल्यासारखंच आहे, तिकिटांचा खर्च झाला आहे.”

प्रशिक्षक शेजारीच उपकरणे धूत होते. ते म्हणाले, “गोळीचा असर खाली असताना उतरला तर हवा कानात कोंडते आणि वर येताना पडदा फाटू शकतो. कान बरा होऊ द्या. झालेलं शिक्षण मी लिहून देतो, ते वर्षभर चालतं.”

मी त्याला व्यापाराच्याच भाषेत सांगितले. जो खर्च होऊन गेला आहे आणि परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. माल पडून आहे म्हणून त्यावर आणखी भांडवल लावणारे दुकान कसे बसते, हे आपण बाजारात पाहिले आहे. गेलेले चार दिवस परत मिळवण्यासाठी कान पणाला लावणे हा तोच व्यवहार. त्याने मान्य केले, मात्र आनंदाने नव्हे.

तिसऱ्या दिवशी पुतसुनेने उरलेल्या दोन बुड्या पूर्ण केल्या. पुतण्या, नातू आणि मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. नातवाने तिन्ही विहिरींत डोकावून पाहिले आणि दुधाची विहीर पांढरी का नाही, असे विचारले. या किल्ल्याच्या आसपासचे खडक, प्रवाळ आणि रंगीत मासे यांसाठी हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाण्याखाली कशालाही हात लावू नये, प्रवाळावर पाय ठेवू नये, माशांना खाऊ घालू नये, असे विद्यार्थ्यांना बजावतात. हातभर प्रवाळ वाढायला अनेक वर्षे लागतात आणि मोडायला एक लाथ पुरते. शरीराचा तोल सांभाळून, कोणत्याही जीवास धक्का न लागू देता तरंगणे हे या विद्येतील खरे कौशल्य आहे, असे पुतसुनेने सांगितले, तेव्हा मला ती विद्या एकदम ओळखीची वाटली.

चौथा दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. कान सुटला होता. प्रशिक्षकाने तलावात तपासून घेतले आणि सकाळी पुतण्याच्या दोन बुड्या झाल्या. दोन राहिल्या.

आता ती विमानाची अट. खोल पाण्यात शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. त्याआधी कमी दाबाच्या उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. डोंगरी रस्त्यालाही हीच सावधगिरी लागू पडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. दुपारी बुडी आणि संध्याकाळी घाट, हा बेत नकोच. आम्ही दुपार व रात्र तारकर्लीतच काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

पुतसून प्रमाणपत्र घेऊन परतली आणि पुतण्या दाखला घेऊन. पुढे दहा महिने घरात याची थट्टा चालली. दिवाळीनंतर तो चार दिवसांसाठी एकटा जाऊन उरलेल्या दोन बुड्या घेऊन आला. विजयदुर्गापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत समुद्रात ‘अँग्रिया बँक’ नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांवरून ते नाव पडले. त्याचा सर्वांत उथळ भागही वीस मीटर खोल आहे, म्हणजे पहिल्या प्रमाणपत्राच्या मर्यादेबाहेर. दोघांचे लक्ष आता त्या बँकेकडे आहे. तिच्यासाठी पुढची परीक्षा आणि आणखी एक पौष लागेल.

ज्यांच्याजवळ रजा मोजकी आहे त्यांनी एवढे करावे : पुस्तक आणि पोहणे घरी पुरे करावे, आरोग्यपत्रक महिनाभर आधी भरावे, समुद्राजवळ चार दिवस ठेवून त्यांतील एक राखीव धरावा, आणि परतीचे तिकीट शेवटच्या बुडीनंतरच्या दुसऱ्या दिवसाचे काढावे. काम अपुरे राहिले तर दाखला घेऊन घरी यावे.