डब्याचा दोष

आमच्या कार्यालयात काही अडले की ते कॉम्प्युटरवर ढकलायची पद्धत आहे. दाखला मिळाला नाही? सर्व्हर डाऊन. अर्ज पुढे सरकत नाही? सिस्टममध्ये दिसत नाही. बावीस वर्षे पणजीत कारकुनी करताना हे वाक्य मी स्वतः किती जणांच्या तोंडावर फेकले असेल, त्याची गणती नाही. समोरचा माणूसही निमूट मान डोलावून परत जातो. ज्याच्या आत काय चालते ते दिसत नाही, त्याला दोष देणे सगळ्यांनाच सोयीचे!

माझी ही सवय थोडी ढिली झाली ती बुऱ्हाणपुरात, एका ट्रकच्या शेजारी उभे राहून.

ट्रक माझ्या भावोजींचा. एके काळी त्यांचे दोन टिप्पर खनिज वाहत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. दारात गंजत उभे असलेले टिप्पर त्यांनी पडत्या भावाने विकले आणि २०१७ सालचा एक जुना मालवाहू ट्रक घेतला. पुढे काही खाणी पुन्हा चालू झाल्या, पण तोवर भावोजींकडे टिप्पर राहिले नव्हते. घर चालत होते ते या एका गाडीवर.

गेल्या मे महिन्यात ही गाडी बुऱ्हाणपूरहून केळी भरून गोव्याला निघाली आणि इच्छापूरच्या अलीकडेच बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, आणखी थोडे अंतर गेली, पुन्हा बंद. उन्हाळ्यात केळी काही वाट बघत नाहीत. ड्रायव्हरने माल दुसऱ्या गाडीत चढवून दिला आणि ट्रक ओढून परत बुऱ्हाणपुरात आणला. भाडे तर गेलेच. आदल्या महिन्यातही असेच झाले होते. तेव्हा वाटेतल्या एका मेकॅनिकने डिझेल फिल्टर आणि एक सेन्सर बदलला होता. दुसऱ्याने गाडीकडे नीट न बघताच सांगितले, "ईसीएम गेला, नवा टाका." त्याने सांगितलेली किंमत म्हणजे भावोजींच्या कित्येक फेऱ्यांची कमाई!

भावोजींची अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झाले नव्हते. ताईचा फोन आला, "तूं वच रे तांचेवांगडा." मी रजा टाकली. मंगला एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून बुऱ्हाणपूर. गाडीत भावोजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून मी दुखणे सांगायचो रे. हा डबा बोलतच नाही. विकून टाकतो एकदाची."

मी बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस. बुऱ्हाणपूर म्हटले की मला मुमताज महल आठवते. १६३१ साली ती इथेच वारली आणि ताजमहाल बांधून होण्याआधी तापीपलीकडच्या जैनाबादेत तिला तात्पुरते पुरले होते. ईसीएम म्हणजे काय हे मात्र मला त्या गॅरेजमध्येच कळले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-फोर नियम लागू झाले. त्या काळातल्या बऱ्याच ट्रकांत डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे पंप नव्हे, तर हातभर वायरींना जोडलेला ॲल्युमिनियमचा डबा ठरवतो. हाच इंजिनाचा कॉम्प्युटर. सेन्सर त्याला दाब, तापमान, वेग कळवतात आणि तो इंजेक्टरांना हुकूम देतो.

गॅरेजवाले सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांची मराठी हिंदीत कालवलेली, बुऱ्हाणपुरी. डब्याला त्यांनी पहिल्या दिवशी हातच लावला नाही! दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाला लावून ड्रायव्हरला स्टार्टर मारायला सांगितले. "इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब," ते म्हणाले. दिसलेही जास्त. चॅसीवरची अर्थची पट्टी गंजली होती. ती घासून घट्ट बसवली. भावोजींचा चेहरा उजळला. पण तासभर इंजिन चालवल्यावर ते पुन्हा बंद!

दुसऱ्या दिवशी फ्यूज, मुख्य रिले, कपलर एकेक करून झाले. स्कॅनरवर तीन तक्रारी एकदम येत होत्या : डिझेलच्या रेलचा दाब, टर्बोच्या हवेचा दाब आणि ॲक्सिलरेटरचे पेडल. मी शहाणपणाने म्हटले, "म्हणजे तीन सेन्सर बदलायचे?"

चाचा हसले. "साहेब, तीन सेन्सर एका मिनिटाला मरत नाहीत. तिघांना पाणी देणारी कुंडी एक आहे. कुंडी भंडारा पाहिला नाही का तुम्ही?"

पाणी म्हणजे पाच व्होल्टचा पुरवठा. डबा बॅटरीच्या चोवीस व्होल्टमधून पाच व्होल्ट तयार करून सेन्सरांना देतो. गाडी गार असताना मीटर बरोबर पाच दाखवी. तापली की चार, तीन आणि मग इंजिन बंद. आता एखादा खराब सेन्सर तो पुरवठा खाली ओढत असेल का? चाचांनी एकेक सेन्सर काढून पाहिला. फरक नाही. वायर कुठे घासून चॅसीला लागली आहे का? सगळी वायरिंग मोजली, स्वच्छ निघाली. इथे त्यांनी मीटर भावोजींच्या हातात दिला, "शेठ, आता तुम्ही बघा," आणि घरून आणलेल्या हेअर ड्रायरने डब्यावर गरम हवा सोडली. इंजिन गारच होते, नुसती चावी फिरवलेली. तरी काटा... नव्हे, आकडे उतरू लागले. भावोजी मोठ्याने वाचत होते, "चार पूर्णांक सहा... चार... तीन पूर्णांक दोन..." मग कॉम्प्रेसरची हवा मारून डबा गार केला. आकडे परत पाचावर!

"आता म्हणा डबा गेला," चाचा म्हणाले.

म्हणजे त्या दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे शेवटी खरेच ठरले. पण अंदाजाने खरे ठरणे वेगळे आणि तपासून खरे ठरणे वेगळे. गंजलेली अर्थ तशीच ठेवून त्याने नवा डबा बसवला असता, तर तो किती दिवस टिकला असता कोण जाणे.

कपलर उघडल्यावर आतल्या दोन पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या. चाचांनी विचारले, "समुद्राकडची गाडी?" आणि मग, "बॉडीला वेल्डिंग केले होते? बॅटरी न काढता?" भावोजी खाली बघू लागले. फाळके गावातच वेल्ड करून घेतले होते. तेव्हा बॅटरीची तार आणि डब्याचे कपलर काढायचे असते, हे कुणाला ठाऊक! दोघांपैकी नेमके कशाने झाले, ते चाचांनी सांगितले नाही.

इंदूरहून एका मोडीत काढलेल्या गाडीचा, लेबलावर अगदी तोच पार्ट नंबर असलेला डबा मागवला. यायला दोन दिवस होते. त्यातल्या एका दुपारी आम्ही कुंडी भंडारा पाहायला गेलो. जहांगीराच्या काळात, १६१५च्या सुमारास, दोहे लिहिणारा रहीम म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना इराणी जाणकाराकडून हे काम झाले. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरले आणि नुसत्या उताराने शहराकडे आणले. वर ठरावीक अंतरावर शंभराहून अधिक कुंड्या. २०२४ साली याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले. लिफ्टने खाली उतरलो. बाहेर अंग भाजणारे ऊन आणि खाली गार अंधारात वाहते पाणी. वर आल्यावर भावोजी एका कुंडीत वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी अडले तर इथून बघत बघत जायचे. या कुंडीत आहे, पुढच्यात नाही, म्हणजे दोष मधे. सोपे आहे रे."

डबा आला, पण नुसता बसवून भागत नाही. इंदूरहून लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलाने जुन्या डब्यातली माहिती, तो गार होता तोवरच, काढून नव्यात उतरवली. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड पडताळून भरला. चाचांनी पिना साफ केल्या, कपलर बसवला आणि स्कॅनरवरच्या जुन्या तक्रारी पुसल्या. मग भर दुपारी ट्रकात वाळू भरून आम्ही असीरगडचा घाट चढलो. भावोजी मधल्या सीटवर, डोळे मिटून. मला वाटले, झोप लागली. ते आवाज ऐकत होते.

गाडी बंद पडली नाही. विकण्याचा विषयही पुन्हा निघाला नाही. आता भावोजींच्या गाडीत एक मीटर असतो. वेल्डिंगवाला आला की ते आधी बॅटरीची तार काढतात.

रजेवरून परतलो त्या आठवड्यात एक म्हातारी बाई खिडकीशी आली. नवऱ्याच्या मागे मिळणारे तिचे पेन्शन सात महिने अडले होते. "सिस्टममध्ये..." असे म्हणायला मी तोंड उघडले आणि थांबलो. तिला बसायला सांगितले. आवक नोंदवही काढली. मग टेबल, टेबलानंतर टेबल. तिसऱ्या टेबलावर कळले, मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचे नाव एका अक्षराने वेगळे होते आणि ते तिला कुणी कळवलेच नव्हते. दुरुस्तीचा अर्ज मीच लिहून दिला.

कॉम्प्युटर बिचारा सात महिने बरोबरच सांगत होता.