पूर्णविरामानंतरची जागा

अमौसीला विमानाला उशीर झाला की डोळे फलकांवर रेंगाळू लागतात. विमानतळाला आता चौधरी चरणसिंहांचे नाव आहे, पण जुन्या लखनौकरांच्या तोंडी अमौसीच असते. हिंदी सूचनेतले वाक्य उभ्या दंडाने संपते, इथल्या उर्दूतले बारीक आडव्या रेघेने. मराठी डोळा त्या दंडापाशी क्षणभर अडतो. लिपी तीच, पण आपले वाक्य टिंबावर थांबते. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रुजवली. त्याआधीच्या मोडी कागदांत शब्दाशब्दांतही अंतर नसे, श्वास कुठे घ्यायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

दंड अक्षराइतका उंच, त्यामुळे वाक्य संपल्याचे लांबूनही कळते. टिंबाचे तसे नाही, त्याला भोवताली थोडे रितेपण लागते. ते किती असावे, हा प्रश्न मला टंकलेखनाच्या क्लासात प्रथम भेटला. स्वल्पविरामानंतर स्पेसबार एकदा, पूर्णविरामानंतर दोनदा, असे बाई पाठीमागून बजावत जात. यंत्रावर सडपातळ र आणि ऐसपैस क यांना सारखीच जागा मिळे. मात्रेची कळ दाबली तर गाडा हलतही नसे. अशा विरळ ओळीत वाक्याची सीमा हरवू नये म्हणून तो दुसरा ठोका. अंगठा दोनदा पडायचा, आणि तेवढ्या वेळात पुढचे वाक्य मनात जुळून यायचे; हे सुख मला अजून मोलाचे वाटते.

संगणकाच्या टंकात प्रत्येक अक्षर आपापल्या रुंदीचे असते, म्हणून एक जागा पुरते. आंतरजालाच्या पानावर दुसरी जागा बहुधा आपोआप गळते, आणि 2020 पासून मायक्रोसॉफ्ट वर्ड तिला चूक ठरवून खाली रेघ ओढते. हे मला पटते, तरी चूक हा शब्द फार कठोर वाटतो. त्या दुसऱ्या जागेमागे किती जणांच्या बोटांची शिस्त आहे, तिच्यावर किती जणांची कचेरीतली नोकरी उभी राहिली.

कुणा वडीलधाऱ्यांचे टंकलिखित पत्र आले की त्यातल्या दुहेरी जागा मी तशाच राहू देते. मजकूर छापायला जायचा असेल तर मात्र एकेक काढते, कारण छापील ओळीत त्यांची पांढरी भगदाडे दिसतात आणि वाचणाऱ्याची नजर तिथे उगीच अडकते.