मावशीची रद्दी

मुलगी नववीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या हिंदीच्या पुस्तकात महादेवी वर्मांचा 'मेरे बचपन के दिन' हा धडा होता. "आई, यात एक कोल्हापूरची मुलगी आहे!" म्हणून तिने पुस्तक माझ्यासमोर धरलं. पोळ्या करता करता वाचायला घेतला आणि गॅस बंद करून खालीच बसले.

महादेवी म्हणजे हिंदीतल्या छायावादाच्या चार मोठ्या कवींपैकी एक. जन्म १९०७चा, फर्रुखाबादचा. लहानपण इंदूरला गेलं. नवव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, पण पुढे त्यांनी नांदायला जायचं साफ नाकारलं. अलाहाबादला शिकल्या, १९३२ साली संस्कृतात एम.ए. केलं आणि प्रयाग महिला विद्यापीठाच्या प्रधानाचार्य झाल्या. मुलींना हिंदीतून शिकवणारी ही संस्था त्यांनी आयुष्यभर सांभाळली. १९८२चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं ते सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेचं काम मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

तर, धडा आहे क्रॉस्थवेट कॉलेजच्या वसतिगृहातला. महादेवी पाचवीत, खोलीतली मैत्रीण सातवीत. ही मैत्रीण म्हणजे सुभद्राकुमारी चौहान! तिचं कवितेत आधीच नाव झालेलं, म्हणून ही आपली लपूनछपून लिहायची. एक दिवस सुभद्राने डेस्क उचकलं, कवितांचे कागद हातात घेतले आणि हिला ओढत अख्ख्या वसतिगृहाला सांगत फिरली, की ही कविता करते. त्या दिवशी ते कागद कुणी उचकलेच नसते तर?

सुभद्रा गेल्यावर खोलीत आली झेबुन्निसा. कोल्हापूरची. हिंदी बोलताना मध्येच 'इकडे-तिकडे', 'लौकर-लौकर' म्हणायची. कुणी टोकलं तर ठणकावून सांगायची, की आम्ही मराठी, मराठीच बोलणार. ती महादेवींचं डेस्क पुसायची, पुस्तकं नीट लावून ठेवायची. त्यामुळे हिला कवितेसाठी जास्त वेळ मिळायचा. झेबुन्निसाची माझी ओळख एवढीच, आणि तीसुद्धा महादेवींनी लिहून ठेवलं म्हणून.

इथे मला माझी मावशी आठवली.

मावशी कोल्हापूरकडचीच. राष्ट्रभाषेच्या परीक्षा देत देत 'पंडित' झाली आणि तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. लग्न केलं नाही. महादेवींची 'गिल्लू' खारीची गोष्ट शिकवताना दरवर्षी रडायची, आणि मुलं त्याची वाटच बघत असायची. तिच्याकडे लांबट वह्या होत्या. त्यात मराठी मुलांची फसगत करणारे शब्द ती टिपून ठेवायची. 'शिक्षा' म्हटलं की आपल्याला छडी आठवते, हिंदीत ते शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'संसार' म्हणजे सगळं जग. प्रत्येक शब्दापुढे कुठल्या मुलाने काय गंमत केली ते, तारखेसकट.

मावशी गेली तेव्हा घर रिकामं करायला मला दोनच दिवस रजा होती. भांडी वाटली, साड्या वाटल्या. वह्या रद्दीवाल्याने तराजूत टाकल्या. मीच उचलून दिल्या. त्याने किती पैसे दिले तेही आठवत नाही, आणि तेच जास्त लागतं.

महादेवींचा 'शृंखला की कड़ियाँ' हा स्त्रियांच्या प्रश्नांवरचा लेखसंग्रह १९४२ साली आला. त्यातले बरेच लेख आधी 'चाँद' मासिकात आलेले. मासिकाचं आयुष्य किती हो? महिना सरला की पुड्या बांधायला. वेळेवर पुस्तक झालं म्हणून आज ते लेख वाचता येतात. रामगढचं त्यांचं डोंगरातलं घर, 'मीरा कुटीर', तेही त्यांच्या नावाने जपलं गेलंय. मोठ्या माणसांचं निदान एवढं तरी होतं. पण ज्यांनी आयुष्यभर त्यांचे धडे शिकवले त्या बायकांचं काय? त्यांची कागदपत्रं कुठल्याच संग्रहालयात जात नाहीत. ती माळ्यावर असतात, आणि माळा साफ करणारी माझ्यासारखीच कुणीतरी घाईत असते.

महादेवींनी स्वतःचं सलग आत्मचरित्र लिहिलं नाही. लिहिलं ते स्वयंपाक करणाऱ्या भक्तिनबद्दल, झाडाखाली शिकायला येणाऱ्या घीसाबद्दल. ते वाचताना मला वाटलं, वह्या तर गेल्या, पण मला आठवतंय ते अजून गेलेलं नाही.

म्हणून त्याच रात्री मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं काढून बसले. मावशीचे शब्द आठवून लिहिले. पहाटेपर्यंत सतरा झाले. तिच्या वह्यांत शेकड्याने असतील. मुलांची नावं एकही आठवली नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा. बस, एवढंच सांगायचं होतं.